नऊ बाटल्यांचं इंजिन

माझ्या नवऱ्याचे आयुष्यात दोनच नियम. पहिला, परदेशी गाडी आपल्या घरापुढच्या ड्राइव्हवेवर चढणार नाही. दुसरा, या घरातलं कुणीही ऑइल बदलायला दुसऱ्याला पैसे देणार नाही. बाकी फादर, डॉक्टर आणि मी सांगितलेलं तो ऐकतो किंवा ऐकत नाही, ते त्या दिवशी त्याचे गुडघे किती दुखतात त्यावर असतं.

हे दोन नियम कधी एकमेकांवर आदळतील असं मला वाटलं नव्हतं. आदळले. आदळवले मीच, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

माझा नवरा लेन जन्मभर इंजिनांच्या कारखान्यात होता. डेट्रॉइटच्या खाली नदीकाठच्या आमच्या गावात कुणाचंही दार वाजवा, आत कारखान्याची पेन्शन खाणारा एक म्हातारा सापडेल. आमच्या युनियनच्या हॉलबाहेर पाटी आहे, की परदेशी गाड्या रस्त्याच्या पलीकडे लावाव्यात. पाहुणे हसतात, त्यांना तो विनोद वाटतो. लेनबरोबर कारखान्यात असलेल्या चेटचा जावई एकदा जपानी गाडी घेऊन थेट हॉलच्या दाराशी आला होता. जेवून बाहेर आला तेव्हा चारही चाकांतली हवा गेली होती आणि चेट स्वतः त्याला पंप आणून देत होता, पण चेहऱ्यावर दुःख काही दिसत नव्हतं.

अशा गावात आमच्या एकुलत्या एका मुलीने जर्मन गाडी घेतली.

मार्सेला शहरातल्या हॉस्पिटलात मुख्य नर्स आहे. घटस्फोट झाला तेव्हा घर विकलं गेलं, गाडी नवऱ्याकडे गेली, आणि ही एका उंच इमारतीत दोन खोल्यांत राहायला गेली. त्याच वर्षी तिच्या हॉस्पिटलातले एक म्हातारे हृदयाचे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांनी आपली गाडी हिला अगदी कमी किमतीत दिली. गडद निळी, लांबलचक, आत खऱ्या चामड्याच्या सीट. "आई, कुणालाही न विचारता मी पहिल्यांदाच काही घेतलंय," ती मला फोनवर म्हणाली. आवाजात इतका आनंद होता की मी बापाचा विषयच काढला नाही.

ती गाडी दाखवायला आली, तर लेन ड्राइव्हवेच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा. वाहतूक पोलीस परवडला.

"बाबा, निदान बघ तरी," मार्सी काच खाली करून म्हणाली.

"बघितली. आता हलव."

"मी तुझी मुलगी आहे."

"तू ये की. तुला कोण नाही म्हणतंय? ती येणार नाही."

मार्सीने गाडी दोन गल्ल्या सोडून चर्चच्या मोकळ्या जागेत लावली आणि चालत आली. तेव्हापासून तीन वर्षं दर रविवारी ती तशीच चालत येते. बर्फ असो, चिखल असो, हातात भांडं असो. जेवणाच्या टेबलावर बाप आणि लेक हवामानावर बोलतात. आमच्या मिशिगनमध्ये हवामान भरपूर आहे, म्हणून जेवण कसंबसं निभतं.

या फेब्रुवारीत ती कोबीचे रोल घेऊन येताना बर्फावर घसरली. मनगट मोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर तिचा फोन आला. "आई, ईस्टरला येते. तेवढं शेवटचं. त्यानंतर मी चालत येणार नाही, आणि गाडी त्याला नको. म्हणजे मग येणारच नाही."

ती ओरडली असती तर मी घाबरले नसते. आमच्याकडे ओरडाआरडा जेवायच्या आत संपतो. पण ती हे अगदी शांतपणे म्हणाली, पेशंटच्या घरच्यांना सांगावं तसं.

लेन बेसिनपाशी हात धूत होता. मी त्याला शब्दन् शब्द सांगितला.

"तिची मर्जी," तो म्हणाला आणि गॅरेजमध्ये जाऊन तासभर तेच पाने त्याच खणांत लावत बसला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ अजून जळत होता, आणि पिळाशी लग्न मी केलं होतं.

मग एके दिवशी मार्सी बोलता बोलता म्हणाली, की ईस्टरच्या आदल्या दिवशी ती सकाळी मोकळी नाही, शोरूममध्ये ऑइल बदलायला गाडी द्यायची आहे.

"किती घेतात गं?" मी आपलं सहज विचारलं.

"तीनशे वीस."

"अगं, कशाचे?"

"ऑइल, फिल्टर, आणि गाडी पुसून देतात. कॉफी फुकट."

मी खुर्चीत बसले. आधी पैशांचा धक्का बसला, आणि पाठोपाठ डोक्यात प्रकाश पडला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि लेनचं नाक कुठे आहे ते मला आता दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी त्याच्यापुढे अंडी ठेवली आणि म्हटलं, "मार्सी शनिवारी ऑइल बदलून घेतेय. शोरूममध्ये."

"हं."

"तीनशे वीस डॉलर."

काटा हवेतच थांबला. "कशाचे?"

"ऑइलचे."

"फक्त ऑइलचे?"

"कॉफी फुकट आहे म्हणे."

लेनचा चेहरा मी लालही पाहिलाय आणि पांढराही, पण दोन्ही एकदम त्या दिवशी पाहिले. त्याने शोरूमचा नंबर शोधला आणि स्वतः फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाचा मुलगा बोलत होता. स्पीकरवर मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, आमच्याकडे खास प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ असतात."

"बाळा, एक बोल्ट काढायचा, ऑइल सांडू द्यायचं, बोल्ट लावायचा. याला प्रशिक्षण लागतं?"

"सर, वाट बघताना तुम्हाला हवी तितकी कॅपुचिनो..."

"तीनशे वीसमध्ये मी गाय पाळीन आणि दूध तुझ्या दारात आणून देईन!"

फोन आपटला. मग गावातल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन. तिथून काय किंमत कळली कोण जाणे, पण तो दिवसभर घरात "साठ, साठच्या आत," असं जपमाळ ओढल्यासारखं म्हणत फिरत होता. संध्याकाळी स्वतःच आला. "तिला सांग, शोरूम रद्द कर. मी करून देतो."

माझ्या मनात लाडू फुटले. "इथे आणायला सांगते."

"इथे नाही."

"मग काय गाडी हवेत धरणार आहेस?"

"चर्चच्या जागेत. तिथल्या हॉलच्या दाराजवळची फरशी सपाट आहे. आणि ती तिथेच तर उभी असते."

"लेन, शनिवारी तिथे फादर ईस्टरच्या जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद देणार! अख्खं गाव येणार."

"बाराला येणार. मी दहाला सुरू करतो, अर्ध्या तासात संपतं. जन्मभर अर्ध्या तासातच संपलंय."

म्हणजे दोन नियमांतला एकही त्याने मोडला नव्हता. दोघांच्या मधून चिंचोळी वाट काढून तो निघाला होता. मी मार्सीला कळवलं.

"बाबा स्वतः म्हणाला?"

"स्वतः."

"बरं. मग त्याला सांग, त्या गाडीला..."

"ऑइलमधलं मला काय कळतंय? तूच सांग त्याला," मी म्हटलं. मला वाटलं, या निमित्ताने तरी दोघं हवामान सोडून बोलतील. पण तिने त्याला फोन केला नाही, त्याने तिला विचारलं नाही. दुकानातल्या पोराने "काका, ऑइल किती देऊ?" म्हटलं, तर लेनने त्याच्याकडे बघून पाच बाटल्यांचा कॅन उचलला. त्याच्या ट्रकला पाचच बाटल्या लागतात. त्याच्या आधीच्या ट्रकलाही पाचच लागायच्या. शेजारच्या, पाजारच्या, गावातल्या सगळ्या ट्रकांना पाचच लागतात.

शनिवारी सकाळी हवा स्वच्छ होती आणि गारठा होता. लेन ट्रकमध्ये जॅक, स्टँड, पाने, पुठ्ठा आणि ऑइल धरायचं ते काळं पसरट पॅन घेऊन गेला. मी मागून गेले, कारण माझी टोपलीही न्यायची होती. बाकीच्या बायका अंडी, पाव, मीठ, लोण्याचं घडवलेलं कोकरू आणि हॅमचा एक तुकडा टोपलीत आणतात. मी अख्खा हॅम आणते. लेनच्या बहिणीने लग्नात दिलेल्या निळ्या मोठ्या रोस्टरमध्ये, म्हणजे मांस भाजायच्या भांड्यात, घालून, दोन्ही हातांनी धरून आणते. आशीर्वाद घ्यायचाच तर तुकड्याला कशाला?

मार्सी गाडीपाशी कोटाच्या खिशात हात घालून उभी होती.

"थंडी आहे," लेन म्हणाला.

"हो. दुपारी कमी होईल," मार्सी म्हणाली.

एवढं बोलून झाल्यावर तो जॅक लावून गाडीखाली शिरला. मिनिटभराने खालून ओरडला, "हे काय? इंजिनाला खालून लंगोट बांधलाय या जर्मनांनी!"

"ते प्लास्टिकचं झाकण आहे, बाबा. काढावं लागतं."

"स्क्रू किती आहेत?"

"बरेच."

बरेच म्हणजे बरेच होते. काही गंजले होते. अर्धा तास कधीच उलटला. लेन खालून नुसता हात बाहेर काढायचा आणि मार्सी त्यात पाना ठेवायची. तो काही मागत नव्हता, ती काही विचारत नव्हती, पण दर वेळी बरोबर तोच पाना हातात पडत होता. बारा वर्षांची होती तेव्हापासून ती त्याच्याबरोबर असंच करायची. हे बघून माझे डोळे भरून आले आणि मी हॅमकडे बघत बसले.

झाकण निघालं तोवर टोपल्या घेऊन लोक यायला लागले होते. लेनने ऑइलच्या चेंबरचा बोल्ट सैल केला आणि ऑइलची काळी धार पॅनमध्ये पडायला लागली. नेमका तेव्हाच चेट आला, बरोबर युनियनमधले आणखी दोघं, रे आणि बड.

चेट वाकला. "हे बूट ओळखीचे वाटतात. लेन?"

"मी नाही," खालून लेन म्हणाला.

"लेन, तू जर्मन गाडीखाली आहेस."

"मी नाही म्हणून सांगितलं ना!"

बडने टोपी मागे सरकवली. "आजारी आहे का तो?" त्याने मला विचारलं. तिघंही हसायला लागले, आणि रांगेतल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मार्सी मात्र हसत नव्हती. ती पॅनकडे बघत होती.

"बाबा, हे पॅन केवढं आहे?"

"पुरेसं आहे."

"किती भरलं?"

"भरत आलंय. थांबेल आता." मग जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात, "मार्सी, हे थांबत का नाहीये?"

"बाबा, तिच्यात नऊ बाटल्या असतात!"

"नऊ? इंजिन आहे का म्हैस?"

"बोल्ट लाव! बोल्ट लाव परत!"

"बोल्ट पॅनमध्ये पडलाय!"

मला विचार करायला वेळ नव्हता. रोस्टरमधला हॅम मी उचलला आणि समोरच्या चेटच्या छातीवर टेकवला. त्याने बिचाऱ्याने तो दोन्ही हातांनी धरला. रोस्टर मी गाडीखाली सरकवलं, लेनने भरलेलं पॅन बाजूला ओढलं, आणि उरलेली सगळी धार माझ्या लग्नातल्या भांड्यात पडली. पण मधल्या गडबडीत जे सांडायचं ते सांडलंच. काळा ओघळ थेट हॉलच्या दाराकडे निघाला. चेटच्या बायकोच्या डिकीत हिवाळ्यात बर्फावर चाकांखाली टाकायला ठेवलेली, मांजराच्या शी-शूसाठी विकतात त्या मातीची पिशवी होती, ती आणून तिने सगळ्यावर ओतली आणि वर लेनकडे असं बघितलं की तो पुन्हा गाडीखाली जाऊ पाहत होता.

फादर कॉर्नेल हातात पवित्र पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आले. त्यांनी माती बघितली, गाडी बघितली, चेटच्या कडेवरचा हॅम बघितला.

"लेनर्ड, रांग इथूनच जाते. कुणीतरी घसरेल. गाडी इथून लगेच हलली पाहिजे."

"फादर, तिच्यात थेंबभर ऑइल नाही. सुरू केली तर इंजिन बसेल."

"तुझा पाच बाटल्यांचा कॅन ओत," रे म्हणाला.

"अर्ध्या पोटावर इंजिन चालवू? मी?" लेन त्याच्यावर खेकसला. तो काळ्या ऑइलने कोपरापर्यंत माखला होता, पण इंजिनाशी गद्दारी त्याला जमली नसती.

"मग दोर लाव," चेट म्हणाला. "तुझा ट्रक आहे की इथे. ओढ."

"माझा ट्रक परदेशी गाडी ओढणार नाही."

तिघांनीही मान डोलावली. एवढ्या गोंधळातही ते त्यांना पटलं.

"ठीक. मग ढकलू. आम्ही आहोत," बड म्हणाला. "पण कुणाच्या दारात?"

चेट हॅमकडे बघायला लागला. रे म्हणाला, "माझ्या दारात युनियनचा झेंडा आहे, मला बाबा जमणार नाही." टोपल्यांची रांग चर्चच्या फाटकाबाहेर गेली होती. लेन बोल्ट फडक्याने पुसत होता. पुसून झालेला बोल्ट तो पुसतच राहिला.

मार्सीने फोन काढला. "राहू दे. मी टोइंगवाल्याला बोलावते. शोरूममध्ये नेतील ते." तिने नंबर लावला नाही. फोन हातात धरून ती बापाकडे वळली. "बाबा, हे सगळं मला येतं. तूच शिकवलंस. पण माझ्या इमारतीत गाडीखाली शिरलं तर दंड करतात. तुला काय वाटलं, तीन वर्षं मी त्यांना पैसे कॉफीसाठी दिले? मला ड्राइव्हवे नव्हता म्हणून दिले."

ती हे मोठ्याने म्हणाली नाही, पण रांगेतल्या पहिल्या दहा जणांनी तरी ऐकलं. लेनने तिच्या मनगटाकडे बघितलं. प्लॅस्टर निघालं तरी ती तो हात अजून जपूनच धरते.

"माझ्याकडे," तो म्हणाला.

"काय?" चेट म्हणाला.

"बहिरा झालास का? माझ्याकडे. माझ्या ड्राइव्हवेवर. ढकला."

त्याने बोल्ट घट्ट बसवला, गाडी खाली घेतली, ते लंगोटाचं झाकण आणि ऑइलचा कॅन तिच्याच डिकीत टाकला. मार्सी स्टिअरिंगवर बसली. मागून चार म्हातारे. चेटने हॅम माझ्या हातात परत दिला, आणि आम्ही फाटकातून निघालो तेव्हा फादर कॉर्नेल धावत आले आणि माझ्या हातातल्या उघड्या हॅमवर पाणी शिंपडलं. निम्मं पाणी गाडीच्या डिकीवर पडलं.

"गाडीवर नको, फादर!" लेन ओरडला.

"सांडलं, लेनर्ड. तुझं ऑइल सांडलं तसं."

दोन गल्ल्या. आमचं गाव ताटासारखं सपाट आहे म्हणून निभावलं. तरी दर चार घरांनंतर थांबून दम खायचा, एकमेकांना शिव्या द्यायच्या, पुन्हा ढकलायचं. लोक पडदे सरकवून बघत होते. ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो थोडा चढ आहे तिथे गाडी अडली आणि मागे यायला लागली. मी हॅम पायरीवर ठेवला आणि मीही हात लावला.

"सगळे एकदम!" लेन म्हणाला. "आता!"

आणि ती चढली. गडद निळी, लांबलचक, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. बडने आपल्या टोपीला हात लावला, मयताला लावतात तसा.

"चालत आलेली नाही," लेन धापा टाकत म्हणाला. "इंजिन बंद होतं. ढकलत आणलेली गाडी म्हणजे सामान. सामान आपण कुणाचंही उतरवून घेतो."

चेट दुकानात जाऊन आणखी चार बाटल्या घेऊन आला. नऊच्या नऊ ओतल्यावर लेन बॉनेटमध्ये डोकं घालून इकडेतिकडे शोधायला लागला. "ऑइल बघायची पट्टी कुठाय?"

"पट्टी नाहीच, बाबा. आत पडद्यावर दिसतं."

"पडद्यावर? मग पुसून काय बघतात?"

"काही पुसायचं नसतं. बस आत. इंजिन जरा गरम झालं की आकडा येतो."

मी सीटवर जुनी चादर टाकली आणि तो आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गाडीत बसला. मार्सी शेजारी बसली. काच अर्धी उघडी होती. मी पायरीवर हॅमला माश्या लागू नयेत म्हणून बसले होते, म्हणजे निदान तसं दिसत तरी होतं.

"सीट गरम होतेय," तो म्हणाला.

"हो. बटण आहे. बंद करू?"

"कशाला? राहू दे." मग थोड्या वेळाने, "आवाज बरा आहे हिचा."

"बरा?"

"बरा म्हणालो ना. आणखी काय आरती करू?"

मग मार्सीने काच वर केली. पुढे काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण पडद्यावर आकडा येऊन गेल्यावरही दोघं बराच वेळ आत बसले होते, आणि हवामानावर कुणी एवढं हातवारे करून बोलत नाही.

संध्याकाळी ती गेली. लेन चालत जाऊन चर्चपासून ट्रक घेऊन आला आणि नेहमीच्या जागी लावला. निळ्या गाडीखाली ठिबकलेल्या ऑइलचा ड्राइव्हवेवर काळा डाग राहिला होता, त्यावर ट्रक उभा राहिल्यावर तो दिसेनासा झाला.

"शंभराच्या आतच बसलं," तो मला ऐकवत म्हणाला. "तीनशे वीस कुठे!"

"माझं रोस्टर धर. तुझं जॅकेट धर. मांजराची माती, आणि त्या तिघांनी प्यायलेली बिअर धर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शोरूम स्वस्त पडलं असतं, वर कॉफी."

"कॉफी तू देतेसच की."

मी हसले, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. जाताना मार्सीने उद्याचं काही विचारलं नव्हतं आणि त्याने काही सांगितलं नव्हतं. "सामान" हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. सामान एकदा उतरवून घेतात. रोज कुणी घेत नाही.

ईस्टरला सकाळी आम्ही ट्रकनेच चर्चला गेलो. त्याच्या गुडघ्यांमुळे आम्ही दोन गल्ल्याही ट्रकनेच जातो. प्रार्थना संपली, लोकांचं त्याला ऑइलवरून हवं तेवढं छळून झालं, आणि मी ट्रककडे वळले.

"चालत जाऊ," लेन म्हणाला.

"आणि तुझे गुडघे?"

"चल म्हणालो ना."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. सकाळी आल्या आल्या त्याने ट्रक हॉलच्या दाराजवळ लावला होता, मातीच्या डागाशेजारी, तीन वर्षं मार्सीची गाडी उभी राहायची नेमक्या त्या जागी. तो पुढे चालायला लागला होता. दर थोड्या पावलांनी थांबत होता, कुंपणाला हात टेकत होता, आणि मी हात पुढे केला की झिडकारत होता. मला रडूही येत होतं आणि त्याला चपराकही द्यावीशी वाटत होती. घरी पोचेतोवर त्याचा चेहरा घामाने भिजला होता, पण तो आत आला नाही.

मी टेबल लावत होते. खिडकीतून रिकामा ड्राइव्हवे दिसत होता, मधोमध काळा डाग, आणि लेन काल चाकांना चिकटून आलेली माती झाडूने काढत होता. एवढ्यात रस्त्याच्या टोकाशी निळी गाडी आली. कोपऱ्यावर हळू झाली, आणि तिचा चर्चकडे वळायचा दिवा लुकलुकायला लागला. तीन वर्षांची सवय.

लेनने झाडू टाकला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर केले आणि ती बघेपर्यंत हलवत राहिला. दिवा लुकलुकायचा थांबला. गाडी सरळ आमच्या घरापर्यंत आली आणि चढाशी थबकली. काच खाली आली.

"बाबा, ट्रक कुठाय?"

"त्याला तिथे जागा होती," लेन म्हणाला. मग तो आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर एकेक पाऊल मागे सरकत, तळवे स्वतःकडे हलवत, तिला आत घ्यायला लागला. "येऊ दे... येऊ दे... घाबरू नको, भरपूर जागा आहे. अजून येऊ दे."